बस घेऊन माहेरी

उन्हाळी अभ्यासक्रमाला आलेल्या परदेशी पोरांना नगर दाखवायचं काम मी शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेनं अंगावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, माझ्या तोंडी मात्र अजून नगरच येतं. पुण्यातली एक संस्था दर जूनमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांची मुलं मराठी शिकायला आणते. आठवडाभर वर्ग आणि शनिवारी 'सांस्कृतिक भेट'. सहल म्हणायचं नाही, असं ऑफिसनं बजावून ठेवलंय. नगरची भेट माझ्याकडे, कारण मी इथली, इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेलेला, आणि नवरा गेल्यापासून शनिवारचं काय करायचं हा प्रश्न मला पडलेलाच होता.

पहिल्या वर्षी मजा वाटली. मग दर वर्षी तेच. किल्ल्याच्या खंदकाशी उभं राहून मी तीच वाक्यं बोलते. टेकडीवरच्या कबरीला लोक राणीचा महाल का म्हणतात ते सांगते, आणि सांगून संपत नाही तोच कुणीतरी विचारतं, मग राणी कुठल्या खोलीत राहायची? कुणाला बस लागते, कुणाचं पोट बिघडतं, कुणी कांदा खात नाही, कुणी दूध घेत नाही, एकीच्या अंगावर गव्हानं पित्त उठतं. प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी आणि ती प्रत्येक ठिकाणी विसरलेली. मुलं वाईट नसतात. उलट इतकी चांगली असतात की त्यांच्यावर रागावता येत नाही, आणि ज्यांच्यावर रागावता येत नाही अशी माणसं फार दमवतात. संध्याकाळी घरी आल्यावर मला स्वतःचाच आवाज नकोसा होतो.

या सगळ्यात एक दिवस खेड्यातला. तो आम्ही काष्टीकडच्या एका घरी करत असू. तिथले माजी सरपंच दर वर्षी मुलांना टोपी, टॉवेल आणि नारळ देऊन सत्कार करायचे, भाषण करायचे, मी त्याचं निम्मं भाषांतर करायची आणि निम्मं गिळायची. गेल्या वर्षी ते कुटुंब मुलाकडे पुण्याला गेलं. मग ऑफिसातल्या समन्वयक मुलीनं नवं घर शोधलं. ती माझ्या लेकीच्या वयाची, कामाला चोख, पण पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणारी. तिनं मला मोबाईलवर फोटो पाठवले. शेवगाव तालुक्यातलं गाव, बचत गटाच्या बायका, चुलीवरचं जेवण, शेवया करून दाखवणार. 'मॅडम, किती ऑथेंटिक आहे ना?' असं खाली लिहिलेलं.

पहिल्या फोटोत एक ओसरी होती. तिच्या खांबाला टेकून मी दहावीचा अभ्यास केला होता. दुसऱ्या फोटोत चुलीशी बसलेली बाई कॅमेऱ्याकडे बघून अवघडून हसत होती. ती माझी वहिनी.

समन्वयकेला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक असायचं कारणही नव्हतं. माझं माहेर त्या गावात आहे हे सांगायची वेळच गेली काही वर्षं माझ्यावर आली नव्हती.

झालं असं होतं. वडील गेले, सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव लागलं. आमच्याकडे अशा वेळी बहिणीनं रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन हक्कसोड लिहून द्यायचा असतो. भावानं तिला साडी घ्यायची, हॉटेलात सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि हसत घरी यायचं. माझ्या आत्यांनी दिला, माझ्या मावश्यांनी दिला. दादानंही मला फोन केला. पण विचारायला नाही. तारीख कळवायला. 'बुधवारी गाडी धाडतो, आधार कार्ड संगं घी,' एवढंच. गाडी आली आणि मी ती रिकामी परत पाठवली. जमीन मला नको होती. त्या कोरडवाहू तुकड्यात बाजरी पिकली तर पिकली. पण एवढ्या मोठ्या बाईला कुणी एका शब्दानं विचारू नये, याचा मला संताप आला, आणि चूक माझी नव्हती हे मी आजही म्हणते.

दादा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गप्प झाला. त्या वर्षी भाऊबीजेला आला नाही, पंचमीला बोलावणं आलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा दहाव्याला दोघं आले, दुखवट्याची साडी इतरांच्या साड्यांवर ठेवली आणि चहा न घेता गेले. वहिनी जाताना माझ्याकडे बघत होती, पण दारात पायताणांची गर्दी होती आणि बोलणं झालं नाही. त्यानंतर काहीच नाही.

म्हणजे माहेर आहे की संपलं, हे मला कळत नव्हतं. संपलं म्हणून कुणी सांगत नाही. मेलेल्या माणसाचं तेरावं करतात, संपलेल्या माहेराचं काही करत नाहीत.

मी समन्वयकेला 'दुसरं घर बघ' म्हणू शकले असते. तब्येतीचं कारणही काढता आलं असतं. मी 'छान आहे' असं उत्तर पाठवलं. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. माहेरी जायला बाईला बोलावणं लागतं नाहीतर निमित्त लागतं. बोलावणं नव्हतं, आणि निमित्त म्हणून एक अख्खी बस मिळत होती. मी एकच ठरवलं. वहिनी मला काय म्हणून हाक मारते ते ऐकायचं. लग्न होऊन आल्यापासून ती मला 'वन्सं' म्हणायची. आजकालच्या मुली नणंदेला नावानं नाहीतर ताई म्हणतात. वहिनीनं जुना शब्द धरून ठेवला होता, आणि तिच्या तोंडून तो असा यायचा की त्यात थोडा मान, थोडी थट्टा, दोन्ही असायचं. ती 'वन्सं' म्हणाली तर माहेर आहे. नाहीतर नाही. इतकं सोपं.

बस शेवगावच्या पुढे आली. मागून मुलांची गाणी चालली होती. समन्वयक पहिल्यांदाच पुण्याहून सोबत आली होती आणि फोनवर 'पोचतोय, पोचतोय' करत होती. मी माइक घेऊन सांगत होते, हा भाग अवर्षणाचा, इथली बरीच माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडतात, थेट कोपरगावपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे, आणि उन्हाळ्यात परत येतात. मुलं माना डोलवत होती. खिडकीतून मला माझी शाळा दिसली, ती मी दाखवली नाही.

वहिनी दारातच उभी होती. नवी साडी, डोक्यावर पदर, गटाच्या दोन बायका मागे. ती बरीच रोडावलेली दिसली. समन्वयकेनं माझी ओळख करून दिली, "या आमच्या मॅडम, नगरच्या, सगळं याच समजावून सांगतात."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. गळ्यात अडकवलेल्या माझ्या ओळखपत्राकडेही पाहिलं.

"या मॅडम," ती म्हणाली. "बसा."

गटातल्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. ती आमच्या शेजारची, मला परकराची ओळखते. पण तीही काही बोलली नाही. गावाला कळतं कुठे बोलायचं नाही ते.

"दादा?" मी हळूच विचारलं.

"शेताकडं गेल्यात. येतील येवढ्यात."

तो आला नाही. मुलं हातपाय धूत होती तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल थांबली, बसकडे तोंड करून जरा वेळ उभी राहिली, आणि वळून गेली. तो दादाच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. शर्ट पांढरा होता, आणि पांढरे शर्ट गावात सगळ्यांचेच असतात.

मग तो दिवस सुरू झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. मला माझंच घर समजावून सांगायचं होतं. हे जातं, हे उखळ, ही उतरंड. देव्हाऱ्यातल्या टाकांवर एका मुलाचा प्रश्न, हे कुणाचे चेहरे? मी म्हटलं, 'या कुटुंबाचे पूर्वज.' या कुटुंबाचे! माझ्या आजोबांचे आजोबा त्यात होते. वहिनी मागे उभी होती, तिला इंग्रजी येत नाही, पण मी कशाकडे बोट केलं आणि माझा आवाज कसा झाला हे तिला दिसलं असणार.

मुलांनी शेवया वळून पाहिल्या. एकानं चुलीत फुंकणीनं फुंकलं आणि डोळ्यांत धूर घेऊन बाहेर पळाला. बायका खदखदून हसल्या. या मुलांत एक उंच, ठिपक्याठिपक्यांच्या गालांची मुलगी होती. तिला मराठीचं भारी वेड. इंग्रजीत बोलायचं नाही असा तिचा पण होता आणि ती पुस्तकातल्यासारखी संथ, पूर्ण वाक्यं बोलायची. "काकू, मी भाकरी थापण्याचा प्रयत्न करू शकते का?" असं तिनं वहिनीला विचारलं आणि वहिनी विरघळलीच. तिला जवळ बसवलं, तिचा हात हातात घेऊन परातीत भाकरी थापली. "लेकराचे हात लई मऊ हायती गं," असं म्हणाली. मला तिथे बघवेना. मी उठून बसमध्ये औषधाची पेटी आणायला गेले. औषध कुणाला नको होतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, ठेचा, शेवयांची खीर. मुलांनी ठेचा एकमेकांना खायला लावून आरडाओरडा केला. माझ्या ताटात ठेचा नव्हता. त्याच्या जागी दह्यात कालवलेली लसणाची चटणी होती. मला तिखट चालत नाही, गेली कितीतरी वर्षं चालत नाही, आणि हे ऑफिसनं पाठवलेल्या सूचनांमध्ये नव्हतं. वाढणाऱ्या वहिनीकडे मी मान वर करून पाहिलं.

"अजून भाकर घ्या मॅडम," ती म्हणाली आणि पुढे सरकली.

माझ्या पोटाला काय चालतं ते लक्षात ठेवायचं आणि तोंडानं मॅडम म्हणायचं, याला काय म्हणावं? माया की शिक्षा? मी दुपारभर त्याचाच विचार करत राहिले आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची काहीबाही उत्तरं देत गेले. एकाला मी कणगीला उखळ म्हणून सांगितलं.

निघायची वेळ झाली तेव्हा समन्वयक म्हणाली, "मॅडम, आता शेवटचा कार्यक्रम. काकू सगळ्या मुलींची ओटी भरणारेत. मुलांना टोपी-टॉवेल. तुम्ही जरा अर्थ सांगाल?"

वहिनी सुपात सगळं मांडून आली. गहू, नारळ, खण, हळकुंडं, सुपाऱ्या. शेजारची म्हातारी पुटपुटली, "कुवार पोरींची वटी भरत्यात व्हय कुटं?"

"लांबून आल्यात," वहिनी म्हणाली. "आपल्या लेकीच म्हनायच्या. लेकीला रिकामं धाडू न्हाई."

मी उभं राहून इंग्रजीत सांगितलं की माहेराहून निघालेल्या लेकीची ओटी भरतात. तिचा संसार भरलेला राहावा म्हणून घरातलं धान्य तिच्या पदरात घालतात. आणि लेकीनं त्यातले चार दाणे परत सुपात टाकायचे असतात, म्हणजे माहेरही भरलेलं राहतं. मुलींना ते चार दाण्यांचं फार आवडलं. 'किती सुंदर' असं सगळ्या म्हणाल्या. त्यांना पदर नव्हते. कुणी ओढणी पसरली, कुणी टी-शर्टचा घोळ धरला. वहिनी एकेकीला कुंकू लावत गेली, ओंजळीनं गहू घालत गेली, आणि मुली चार दाणे परत टाकत गेल्या. समन्वयक पोरगी नको नको म्हणत लाजली, तिचीही ओटी भरली. मी फोटो काढत होते. सगळ्यांचे फोन माझ्याकडे दिलेले होते.

मुली संपल्या. वहिनी सूप घेऊन वळली. सुपात नारळ होता, खण होता.

तेवढ्यात ती ठिपक्यांची मुलगी स्पष्ट मराठीत म्हणाली, "काकू, मॅडमची ओटी का नाही भरली?"

मुलं बसपाशी टोप्या घालून फोटो काढत होती, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. मीच घाईनं बोलून गेले, "माझे यजमान नाहीत ना आता. आमच्यात मग नाही भरत." मला वहिनीला सोडवायचं होतं. खरं तर मला स्वतःला सोडवायचं होतं. ती 'हो ना' म्हणाली असती की विषय संपला असता, आणि मला कधीच कळलं नसतं, आणि न कळण्याची मला सवय झाली होती.

वहिनी 'हो ना' म्हणाली नाही.

"त्ये कारन नगा सांगू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्या औंदाच्या हळदीकुकवाला गावातल्या इधवा बायांच्या वट्या भरल्या. समद्यांच्या म्होरं भरल्या. तुमच्या दादाला इचारा. त्ये कारन न्हाई."

"मग?"

"मॅडमची वटी कुनी भरीत न्हाई. नणंदंची भरत्यात." तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पाच वर्सं झाली तुमचं मानूस जाऊन. मी वाट बघतीया, आज येतील, उद्या येतील. सही द्या न्हाईतर नगा देऊ, माझं काय त्यात? आन आलाय तर ह्या लोकांची गाडी घिऊन, गळ्यात पट्टा घालून. माज्याच दारात मला हात जोडून नमस्कार केलाय सकाळी. आता तुमीच सांगा, कोन म्हनून आलाय? तुमी म्हनाल तशी मी करते."

सकाळी मी हात जोडले होते. हो, जोडले होते. समन्वयक ओळख करून देत होती आणि भेटीच्या दिवशी कुणाच्याही दारात जोडते तसे ते आपोआप जोडले गेले. तिनं 'या मॅडम' म्हटलं ते त्याच्यानंतर. दिवसभर मी तिच्या तोंडाकडे कान लावून बसले होते, आणि तीही माझ्या तोंडाकडे कान लावून बसली होती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मला बोलायचं होतं. एक शब्द पुरला असता. नुसतं 'वहिनी' म्हटलं असतं तरी चाललं असतं, सबंध दिवसात मी ते म्हटलं नव्हतं. पण रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला, की मीच का सांगायचं, यांनी का नाही विचारायचं आधी. तो जुना गाडीचा राग. तो नेमका त्या वेळी मध्ये आला. आणि मी एवढी दमले होते की एकाच वेळी रडायला आणि रागवायला माझ्यात बळ नव्हतं.

ठिपक्यांची मुलगी आमच्या दोघींकडे बघत होती. गावची बोली तिला सगळी कळली नव्हती, पण शेवटचा प्रश्न कळला होता, आणि मॅडम उत्तर देत नाहीत म्हणजे अडल्या आहेत, असं त्या गुणी पोरीला वाटलं. सकाळी बसमध्ये मीच सांगितलं होतं, अडलेल्याला मदत करावी.

"काकू," ती हसून म्हणाली, "त्या आमच्या मार्गदर्शक आहेत."

वहिनी तिच्याकडे बघून हसली. खरंच हसली, त्या पोरीचा काय दोष. तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"व्हय बाई," ती म्हणाली. "त्येच दिसतंय."

आणि सूप घेऊन आत गेली.

समन्वयकेनं बसच्या दारातून हाक मारली, "मॅडम, निघू या ना? पुण्याला पोचायला उशीर होईल." म्हातारी खांबाला धरून उभी होती, ती माझ्याकडे बघत होती आणि मानेनं आतल्या बाजूला खुणावत होती. जा, जा, असं. मी तिच्याकडे बघून मान हलवली. तिला काय वाटलं कुणास ठाऊक. मी बसमध्ये चढले.

बस गावाबाहेर पडली. मुलींच्या मांड्यांवर गहू सांडत होते, नारळ सीटखाली गडगडत होते, सगळ्या आनंदात होत्या. ठिपक्यांची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिचं कपाळ कुंकवानं माखलं होतं.

"मॅडम," तिनं विचारलं, "मी काकूंना जे उत्तर दिलं, ते बरोबर होतं का?"

मी खिडकीकडे तोंड केलं.

"बरोबर होतं," मी म्हटलं. "काही चुकलं नाही तुझं."